जुन्या घाटाची अंगठी

एका भगिनीनें विचारलें आहे : "मुलीचा साखरपुडा ठरला आहे. तिला जुन्या घाटाची हिऱ्याची अंगठी हवी. सासूबाईंच्या हिऱ्यांच्या कुड्या पेटींत नुसत्या पडून आहेत. त्या मोडून अंगठी केली तर काय बिघडलें? जाऊबाईंना मात्र हें रुचत नाहीं." प्रश्न अंगठीचा दिसतो, परंतु त्यांत घरचा सलोखाहि गुंतला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितें.

प्रथम जुना हिरा आणि जुन्या घाटाचा दागिना यांतील भेद ध्यानांत घ्यावा. जुन्या वळणाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा अंगठ्या नव्याच असतात. जुनी असते ती केवळ नक्षी. त्यांत वाईट कांहीं नाहीं, मात्र नव्या वस्तूस जुनेपणाचें मोल देऊं नये. खरा जुना हिरा पैलूंवरून ओळखूं येतो. पूर्वी कारागीर हातानें पैलू पाडीत. त्यामुळें खड्याची कड नेमकी वर्तुळाकार नसे, माथा उंच व वरचा सपाट पैलू लहान असे, आणि तळाचें टोंक छाटलेलें असल्यानें वरून पाहतां मध्यभागीं बारीकसें वर्तुळ दिसे. आजच्या गोल हिऱ्याचीं प्रमाणें मार्सेल टोल्कोव्स्की यांनीं १९१९ सालीं गणितानें मांडलीं. नवा हिरा भर उजेडांत लखलखतो. जुना मंद दिव्यापाशीं रुंद, संथ ठिणग्या टाकतो. आवड ज्याची त्याची.

विक्रेता 'गोवळकोंड्याचा हिरा' म्हणूं लागला कीं सावध व्हावें. अठराव्या शतकांत ब्राझीलमध्यें हिरे सांपडेपर्यंत जगाला हिरे मुख्यतः हिंदुस्थान पुरवीत असे, हें खरें. परंतु १८६७ सालीं दक्षिण आफ्रिकेंत हिरा सांपडला आणि पुढें तिकडील मालच बाजारांत लोटला. तेव्हां आजीच्या काळचा हिरा तेवढ्यानें गोवळकोंड्याचा ठरत नाहीं. शिवाय १९५४ सालीं अमेरिकेंत प्रयोगशाळेंत हिरा करण्यांत यश आलें. आज दागिन्याजोगे हिरेहि तसे होतात, त्यांवर जुन्या धर्तीचे पैलू पाडतां येतात, आणि नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाहीं. म्हणून हिरा खाणींतला कीं प्रयोगशाळेंतला, जुना कीं नवा, आणि वजन किती, हें बिलावर लिहून घ्यावें व सोबत परीक्षेचा दाखला मागावा. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. सोन्यावरील हॉलमार्कहि पाहावा. १८ कॅरट सोन्यावर ७५० हा आंकडा असतो.

जुनी अंगठीच घ्यावयाची तर खडा धरणारे आंकडे तपासावे. मऊ सुती कापड वरून फिरवितां धागा अडकला, तर आंकडा झिजला किंवा उचकटला आहे असें समजून सराफाकडून दुरुस्ती करून घ्यावी.

आतां कुड्यांविषयीं. पुष्कळ जुन्या दागिन्यांत कोंदण मागून बंद असून खड्याखालीं चकाकीसाठीं डांक दिलेला असतो. तेथून काढलेला हिरा उघड्या कोंदणांत निस्तेज दिसूं शकतो, आणि एकदां मोडलेली कुडी पूर्ववत् होत नाहीं. घडणावळ व घट पुन्हा निराळीच.

मुख्य गोष्ट अशी कीं, तुमच्या पत्रांत तुमचें मत आहे, जाऊबाईंचें आहे. सासूबाईंचें कोठेंच नाहीं. कुड्या त्यांचें स्त्रीधन आहेत. प्रथम त्यांना विचारा. मला विचाराल तर कुड्या सराफाला नुसत्या दाखवाव्या आणि त्याच घाटाची, फुलासारखी, लहान नव्या हिऱ्यांची अंगठी करून घ्यावी. मुलीला हवा तो जुना घाट घरींच आहे. साखरपुड्याच्या दिवशीं सासूबाईंनीं आपल्या हातानें नातीच्या कानांत त्या कुड्या घालाव्या, आणि समारंभ आटोपल्यावर त्या पुन्हा पेटींत जाव्या. जाऊबाईंच्या मुलीचाहि साखरपुडा एक दिवस व्हावयाचा आहे.