कामठ्याचा चिमणा पटेल ‘लुटारू’ कसा?



गेल्या अंकातील लेखात गोंदियाकडील कामठ्याच्या चिमणा पटेलांना ‘लुटारू जमीनदार’ म्हणून एका ओळीत निकाली काढले आहे. हा शिक्का इंग्रज अधिकाऱ्यांच्या कागदांतला, आपण तो दोनशे वर्षांनी पुन्हा का उमटवावा?

काळ पाहा. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीवर नागपूरकर भोसल्यांचा इंग्रजांकडून पराभव झाला. पुढे अटकेत पडलेले राजे अप्पासाहेब भोसले मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटून महादेवाच्या डोंगरात गेले. राजधानी हातची गेलेली, राजा रानोमाळ. अशा वेळी लांजीकडच्या सरहद्दीवर चिमणा पटेलांनी अप्पासाहेबांच्या नावाने शस्त्र उचलले. नुसत्या लुटीसाठी कोणी पडत्या राजाची बाजू घेत नाही; जिंकणाऱ्याकडे जाणे केव्हाही सोयीचे. इंग्रजांच्या कॅप्टन गॉर्डनच्या फौजेने सप्टेंबर १८१८ मध्ये कामठा घेतला. जमीनदारी पटेलांकडून काढून लोधी घराण्याला देण्यात आली. ती राखायची असती तर गप्प बसणे पुरेसे होते.

मात्र काही उत्साही मंडळी त्यांना थेट ‘स्वातंत्र्यसैनिक’ म्हणतात, तेही मला पटत नाही. ते भोसल्यांचे जमीनदार होते आणि भोसल्यांसाठी लढले. त्यात स्वतःच्या मुलखावरचा हक्कही होताच, आणि त्यात लाजण्यासारखे काय? लेखक चंद्रपूरकडच्या बाबूराव शेडमाक्यांच्या इंग्रजांविरुद्धच्या १८५८ च्या लढ्याचा गौरव करतात, तो योग्यच. पण शेडमाकेही जमीनदार घराण्यातलेच होते. मग चंद्रपूरला एक माप आणि गोंदियाला दुसरे का, हे लेखकांनी सांगावे.

— एक वाचक, आमगाव (जि. गोंदिया)