पाहुण्यांचे कौतुक, घरच्यांचे काय?

हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीवर रोहित पक्षी उतरले की वर्तमानपत्रांत त्यांची गुलाबी छायाचित्रे झळकतात. २०१५ साली त्यांच्या नावाने तिथे अभयारण्य झाले, २०२२ मध्ये रामसर स्थळाचा मानही मिळाला. आनंद आहे! परंतु रोहित हा पाहुणा. तो इथे चरायला येतो. अंडी घालायला त्याला कच्छचे रण लागते. तिवरांत बिऱ्हाड मांडतात ते बगळे, ढोकरी आणि पाणकावळे. त्यांचे छायाचित्र कोण छापतो?

पावसाळा लागला की हे पक्षी एकेका राईत दाटीवाटीने काटक्यांची घरटी बांधतात. बांधकाम तसे गबाळेच. शेजाऱ्याची काटकी पळवणे हा तर नित्याचा उद्योग! (वसतिगृहातल्या मित्रांना आपापल्या साबणाची आठवण व्हावी.) खाली भरतीचे पाणी आणि चिखल, त्यामुळे कुत्र्या-मांजरांची भीती कमी. पिलांचा घास जवळच्या उथळ पाण्यात नि भातखाचरांत मिळतो. मात्र माणूस आत शिरला की सारी वसाहत उडते, आणि उघड्या अंड्यांवर कावळे टपलेलेच असतात.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. ‘सारंगागार’ हा भारदस्त शब्द मला इथल्या ग्रंथालयात भेटला. आई मात्र पावसाळ्यात त्या बाजूच्या तिवरांत जळणासाठी कधीच जात नसे. “बगळे बसलेत,” एवढेच म्हणे.

१७ सप्टेंबर २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटी तोडण्यास राज्यभर बंदी घातली, भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. सार्वजनिक हिताच्या प्रकल्पासाठी मात्र न्यायालयाच्या परवानगीने तोड होऊ शकते. बदल्यात दुसरीकडे रोपे लावायची. माझा आक्षेप इथे आहे. हिशेब झाडांचा मांडतात, घरट्यांचे कोण विचारतो? रोप घरटे पेलण्याजोगे व्हायला वर्षे लागतात. मधल्या पावसाळ्यांत पक्ष्यांनी जावे कुठे?

ओडिशातील भितरकनिकाच्या खारफुटीत वनखाते पावसाळ्यात घरटी मोजते. तिथे सर्वांत जास्त भरतात ती गोगलगायी खाणाऱ्या उघड्या चोचीच्या करकोच्यांची. मग आपल्या खाड्यांत हे का होऊ नये? किनाऱ्यावरच्या बायामाणसांना विचारले तरी निम्मे काम होईल. तोडीचा अर्ज आला की एक पावसाळा थांबावे, घरटी मोजावीत, मग काय तो निर्णय घ्यावा.

‘विकासाचा विरोधक’ असा शिक्का बसेल, बसो. आमच्या गावालाही पूल हवा आहे. होडीने खाडी ओलांडून येताना माझा पहिला तास अनेकदा बुडतो. तो पूल एक पावसाळा उशिरा आला तर मला चालेल.