डागडुजीला हक्काचा पैसा हवा

शहरांतील रस्त्यांची दुर्दशा हा पावसापेक्षा अंदाजपत्रकाचा दोष आहे. नवा रस्ता भांडवली खर्चात येतो. त्याला कर्ज मिळते, अनुदान मिळते, उद्घाटनाचा नारळही मिळतो. डागडुजी मात्र महसुली खर्चात मोडते आणि वेतन, निवृत्तिवेतन भागवून जे उरेल त्यावर तिची बोळवण होते. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी संपली. वाहनकर राज्याकडे जातो, इंधनावरील कर केंद्र व राज्य घेतात. खड्डे तेवढे महापालिकांच्या वाट्याला येतात.

पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७६ साली दहा वर्षांच्या हमीने बांधला गेला आणि त्याहून कितीतरी अधिक टिकला. चांगले काम अंती स्वस्तच पडते. परंतु हमी संपली तरी रस्ता झिजतच राहतो. म्हणून प्रत्येक रस्त्याच्या अवस्थेची नोंदवही, तीवर आधारलेला दहा वर्षांचा खर्चाचा आराखडा आणि वाहनकराचा ठरावीक हिस्सा जमा होणारा, अन्यत्र वळविता न येणारा निधी, अशी तरतूद राज्य सरकारने कायद्यानेच करावी. टाळलेल्या दुरुस्तीचे बिल कधीतरी येतेच. दुचाकीस्वार ते कित्येकदा प्राणांनी चुकवितो.