भाषेचे कुलूप

‘निन्टेंडो’ या जपानी कंपनीने ५ जून २०२५ रोजी ‘स्विच २’ हे हातात धरून खेळावयाचे यंत्र बाजारात आणले. ७.९ इंची पडदा, २५६ गिगाबाइटची साठवण आणि माउसप्रमाणे टेबलावर सरकविता येणारी मूठ या वैशिष्ट्यांचा बराच गाजावाजा झाला. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाचे लक्ष मात्र निराळ्याच गोष्टीकडे जाते. जपानमध्ये या यंत्राच्या दोन आवृत्त्या निघाल्या. केवळ जपानी भाषेची आवृत्ती ४९,९८० येनांना आणि अनेक भाषांची ६९,९८० येनांना. पहिलीला जपानबाहेरचे खाते जोडता येत नाही. यंत्र तेच, फरक केवळ कुलपाचा.

यामागील हिशेब उघड आहे. येनचे मूल्य घसरले असता देशी ग्राहकाला वस्तू परवडावी. पण तोच स्वस्त माल परदेशी जाऊन विकला जाऊ नये. एका वस्तूच्या दोन किमती ठेवावयाच्या, तर दोन बाजारपेठांमध्ये भिंत हवी, असे पाठ्यपुस्तके सांगतात. पूर्वी ही भिंत जकातीच्या नाक्यावर उभी राही; आता ती यंत्रातच बसविली आहे.

हा हेतू सर्वस्वी गैर नव्हे. परंतु जपानमध्ये राबणाऱ्या परदेशी कामगाराचे काय? त्याच्या मुलाला इंग्रजीत वा चिनीत खेळावयाचे, तर २०२५ मध्ये २०,००० येनांचा भुर्दंड होता! सरकारी जकातीबद्दल कायदेमंडळात जाब तरी विचारता येतो. या खाजगी जकातीबद्दल तो कोणी कोणाला विचारावा?