लाल गाडीने पाण्याकडे



प्रवास आपल्या माणसाला नवा नाही. आपण चैत्यभूमीला जातो, दीक्षाभूमीला जातो, सोयरिकीला जातो, दवाखान्यासाठी सोलापूर गाठतो. ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडे तर वर्षाचे सहा महिने प्रवासातच असतात. परंतु काहीही काम नसताना, केवळ आपला मुलूख डोळे भरून पाहावा म्हणून पाठीवर पिशवी टाकून घराबाहेर पडणे, हे मात्र आपल्या घरांत अजून बसलेले नाही. "सहल म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले" असे म्हणून आपण तो विषय मिटवतो.

आम्हीही आजवर तो असाच मिटवत आलो होतो. कार्यालयात दिवसभर आकडेमोड, संध्याकाळी वस्तीतील अभ्यासिका, यात आमची वर्षे गेली. परंतु २०२२ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत अभ्यासिकेतील पोरांनी आम्हांला धरले. "काका, आम्हांला बोटीत बसायचंय." मोबाईलवर कुठे कुठे लोक छत्री बांधून डोंगरावरून उडतात, फेसाळत्या नदीतून होडी हाकतात, हे ती रोज पाहतात. त्यांनी आतापर्यंत पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे आपल्या धाराशिवचा हातलाई तलाव, तोही काठावरून. आम्ही म्हटले, चला, आपल्याच जिल्ह्यापासून सुरुवात करू.

बेत असा ठरला : दोन दिवस, एस.टी.ने, माणशी तीनशे रुपये. पहिल्या दिवशी तेर, तिथून परत फिरून तुळजापूरमार्गे नळदुर्ग. दुसऱ्या दिवशी किल्ला आणि बोट. पोरे-पोरी मिळून नऊ जण, दोन माता आणि वस्तीतील एक आजोबा. आजोबांचा समावेश कसा झाला, हे सांगण्यासारखे आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एस.टी. महामंडळाने पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत केला होता. आजोबांनी आधारकार्ड खिशात घातले आणि म्हणाले, "तिकीट लागत न्हाई म्हणल्यावर घरी बसून काय करू?"

खरी अडचण मुलींच्या घरी आली. एका घरी आई म्हणाली, "पाण्याच्या कामात माझी लेक नको." दुसऱ्या घरी वडील म्हणाले, "पोरीला पोहता येत नाही, काही झालं तर?" आम्ही त्यांना समजावू लागलो, तेव्हा ते आमच्याकडे पाहून म्हणाले, "तुम्हाला तरी येतं का?" आम्हांला पोहता येत नाही. वयाची चाळिशी ओलांडली, बी.कॉम. झालो, परंतु कमरेइतक्या पाण्यातही आमची छाती धडधडते. आम्ही खरे तेच सांगितले. मग एका मातेने स्वतः बरोबर येण्याचे कबूल केले, तेव्हा कुठे मुली निघाल्या.

सकाळी सहाला बसस्थानकावर जमलो. पाठीवर शाळेचीच दप्तरे. त्यांत एक जोड कपडे, पाण्याची बाटली, टॉवेल, आणि घरून दिलेले धपाटे, शेंगदाण्याची चटणी. तेरची गाडी भरलेली होती, परंतु पोरांनी मागच्या बाकावर जागा केली आणि दप्तरे मांडीवर घेतली.

तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात पैठणच्या बरोबरीने तगरचे नाव येते. इथले कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जाई आणि तिथून समुद्रापार. उत्खननात इथे बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले आहेत. गावातील त्रिविक्रम मंदिराची विटांची, मागे अर्धगोल वळलेली वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह असल्याचे अभ्यासक मानतात. कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात जुने मणी, मातीच्या मूर्ती, नाणी पाहताना एका पोराने विचारले, "म्हणजे काका, तेव्हाही लोक इथून लांब लांब जायचे?" आम्ही म्हटले, "जायचे. आणि लांबचे लोक इथे यायचे." दुपारी तेरणेचे भरलेले पाणी पाहत आम्ही धपाटे खाल्ले. याच गावात संत गोरा कुंभार झाले. एका गावात इतका इतिहास आहे आणि आपण मात्र तिथून नुसते तिकीट काढून पुढे जातो, याची आम्हांला खंत वाटली.

तुळजापूरला गाडी बदलून नळदुर्गला पोहोचेपर्यंत अंधार पडला. एका कार्यकर्त्या मित्राच्या गच्चीवर मुक्काम होता. जेवणे झाल्यावर पोरांनी गोष्ट मागितली. आम्ही त्यांना सहलीचीच गोष्ट सांगितली.

१९३४ साली बाबासाहेबांच्या सहकाऱ्यांना वाटले, आपणही एकदा प्रेक्षणीय स्थळे पाहण्यास जावे. वेरूळची लेणी पाहायचे ठरले. नाशिकहून बस आणि मोटारी भाड्याने घेऊन तीसएक मंडळी निघाली. वाटेत अस्पृश्य प्रवाशाला जो त्रास होई तो टाळण्यासाठी त्यांनी बेत मुद्दामच जाहीर केला नव्हता. दौलताबादच्या किल्ल्यापाशी आले, तेव्हा अंगावर धूळ बसलेली. दाराबाहेर काठोकाठ भरलेला हौद होता. काहींनी तोंड-हातपाय धुतले आणि सगळे आत निघाले. तेवढ्यात एक वृद्ध गृहस्थ मागून ओरडत आले, की यांनी पाणी बाटवले. पाहता पाहता गर्दी जमली, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला पाहू दिला, परंतु आत कुठे पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर आणि सोबत एक हत्यारी शिपाई देऊन. बाबासाहेबांनी स्वतःच हे लिहून ठेवले आहे. महाडच्या चवदार तळ्याला तोपर्यंत सात वर्षे होऊन गेली होती. परदेशातून मोठमोठ्या पदव्या घेऊन आलेला बॅरिस्टर, आणि सहलीला गेला तर त्याच्या पाठीशी शिपाई, कशासाठी, तर त्याने पाण्याला शिवू नये म्हणून.

पोरे गप्प झाली. आजोबा अंधारातून म्हणाले, "आमच्या गावात हिरीत पवणं तर लांबच, हिरीच्या कडंला उभारायची बी चोरी होती. आमची आय घागर घेऊन बसायची, कुणी वतंल तवा पाणी."

त्या रात्री आमच्या ध्यानात एक साधी गोष्ट आली. आपल्या वस्तीत पोहणारी माणसे इतकी थोडी का? खेड्यात पोर पोहायला शिकते ते विहिरीत. पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून बाप त्याला पाण्यात ढकलतो. ज्याच्या बापाला विहिरीच्या काठावरही उभे राहता आले नाही, तो पोराला काय शिकवणार? पाण्याची बंदी कायद्याने गेली, परंतु पाण्याची भीती मात्र वारसाहक्काने आली. आम्ही तिला इतके दिवस आमचा स्वभाव समजत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला. नळदुर्गचा तट ११४ बुरुजांचा. नऊ पाकळ्यांचा नवबुरूज पाहावा, उपळी बुरुजावर चढून चौफेर मुलूख पाहावा. १८५३ नंतरची काही वर्षे हा भाग इंग्रजांकडे होता, तेव्हा मेडोज टेलर हा लेखक-अधिकारी याच किल्ल्यात राहत होता. परंतु नळदुर्गची खरी करामत पाण्याची आहे. बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, नळदुर्ग आणि रणमंडळ या दोन किल्ल्यांना जोडणारा दगडी बंधारा बांधला गेला. त्या बंधाऱ्याच्या पोटात खोल्या आहेत, तोच पाणीमहाल. वरून पाणी कोसळत असते आणि आतल्या खिडकीत माणूस कोरडा उभा राहतो. वरचे बोरी धरण भरून वाहू लागले की बंधाऱ्यावरून दोन धारा पडतात, त्यांना लोक नर आणि मादी म्हणतात. आम्ही गेलो त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता. तुषारांनी अंग भिजले तेव्हा पोरांनी जो आरडाओरडा केला, तो आमच्या कानांत अजून आहे.

राज्य शासनाच्या महाराष्ट्र वैभव योजनेखाली किल्ल्याची डागडुजी झाली, तेव्हा पाण्यात बोटीही आल्या होत्या. (आज जाणाऱ्यांनी बोटीची चौकशी आधी करून निघावे.) आमची पाळी आली. नारिंगी जाकिटे मिळाली. पोरे उड्या मारत बसली. जिच्या वडिलांनी आम्हांला प्रश्न विचारला होता, ती मुलगी मात्र काठावर उभी. जाकिटाचे पट्टे तिने तीनदा सोडले, तीनदा बांधले. आम्हांला वाटले, काहीतरी धीराचे बोलावे. परंतु आमचेच पाय लटपटत होते. आम्ही तिला म्हटले, "मलाही भीती वाटतेय. दोघं मिळून बसू." ती हसली आणि बसली.

आजोबा म्हणाले, "मी कशाला? लेकरांना बसवा." पोरांनी ऐकले नाही. जाकीट त्यांच्या धोतरावर कसेबसे बसवले. बोट मधोमध गेली तशी त्यांनी वाकून पाण्यात हात घातला आणि फेरी संपेपर्यंत काढला नाही. उतरल्यावर आम्ही विचारले, "कसं वाटलं?" म्हणाले, "गार हाय." एवढेच.

परत आल्यावर आम्ही मनाशी ठरवले, की पोरांना पोहायला शिकवायचेच. एका शेतकऱ्याने विहीर देतो म्हणून सांगितले, पुढे मोटार दुरुस्तीला काढली आहे असा निरोप आला. खरे कारण आम्ही विचारले नाही. मग आमच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याने आपल्या मळ्यातील पायऱ्यांची विहीर दाखवली आणि स्वतः शिकवायला उभा राहिला. २०२३ च्या मे महिन्यात दोन दोर आणि रिकामे डबे घेऊन रोज सकाळी वर्ग भरला. नऊपैकी सात जण डब्याशिवाय पोहू लागले. त्यांत ती मुलगीही आहे. तिचे वडील एक दिवस येऊन काठावर बसले आणि काही न बोलता तिचा टॉवेल धरून राहिले. आम्ही स्वतः अजून डब्यावरच आहोत. पोरे हसतात, हसू द्या.

आता मातापित्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी.

पहिली, खर्चाची. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट झाले आहे, म्हणजे आई आणि मुलगी एका तिकिटात. शिवाय 'आवडेल तेथे प्रवास' ही चार आणि सात दिवसांच्या पासाची योजना महामंडळाने १९८८ मध्येच काढली. एक पास घ्या आणि राज्यभर लाल गाडीने फिरा. आपल्यातील किती जणांनी तो कधी काढला?

दुसरी, सुरक्षेची. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण ठरवले. त्यानुसार असे खेळ चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. कामशेतला छत्रीने उडायचे असो, तारकर्लीला समुद्राखाली जायचे असो की कोलाडला कुंडलिकेत होडी हाकायची असो, आधी नोंदणी विचारा. विचारण्यात लाज नाही. जाकीट अंगाला घट्ट बसते का, हे खांद्यापाशी धरून वर ओढून पाहा. हनुवटीपर्यंत सरकले तर ते उपयोगाचे नाही. पट्टे सगळे बांधा. पोहता येणाऱ्यानेही जाकीट काढायचे नाही.

तिसरी, शिस्तीची. धबधब्याच्या भिंतीवर फोटोसाठी चढणे आणि दारू पिऊन पाण्यात उतरणे हे साहस नव्हे. साहस म्हणजे भीती ओळखून, तयारी करून पाऊल टाकणे. अनोळखी तळ्यात, खदानीत, शेततळ्यात पोरांना एकटे सोडू नये. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद निसरडा असतो, पोहणाऱ्यालाही त्यावरून वर चढता येत नाही.

आणि चौथी, मुलींची. मुलीला घरी ठेवल्याने ती सुरक्षित होत नाही, पोहायला शिकवल्याने होते.

येत्या २० मार्चला महाडला जाताना एक दिवस आधी कोलाडला उतरायचे, असे पोरांनी ठरवले आहे. तिथे भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून सकाळी पाणी सोडतात आणि त्या वाढलेल्या प्रवाहात होड्या उतरवतात. सकाळी कुंडलिका आणि दुसऱ्या दिवशी चवदार तळे. वर्गणीचा डबा अभ्यासिकेत ठेवला आहे. आजोबांनी त्यात पहिली शंभराची नोट टाकली. आम्ही म्हटले, "आजोबा, तुम्हाला तर तिकीट नाही." ते म्हणाले, "गाडीला न्हाई. होडीला लागंल की."

आपणही आपल्या गावातील पोरांना घेऊन एकदा निघा आणि काय पाहिले ते आम्हांला कळवा.

जयभीम!