वारी ‘लाइव्ह’ पाहिली, पण केली का?

कोरोनात लेक्चर, परीक्षा, वाढदिवस सगळं ऑनलाइन झालं. मग वारी का नाही जमली?

2020 मध्ये आषाढीची पायी वारी रद्द झाली. मुक्ताईनगरहून संत मुक्ताईंची आणि पैठणहून संत एकनाथांची पालखी एरवी आपल्या बीड जिल्ह्यातूनच पुढे जाते. त्या वर्षी मानाच्या नऊ पालख्यांच्या पादुका 30 जूनला एसटीने पंढरपुरात पोचल्या. पाटोदा तालुक्यातल्या पारगाव घुमराला नाथांच्या पालखीचं रिंगण रंगतं, तेही हुकलं.

आषाढीची पूजा आपण स्क्रीनवर पाहिली. त्याआधी 12 एप्रिलला पोपनी जवळपास रिकाम्या चर्चमध्ये केलेली ईस्टरची प्रार्थनाही जगाने तशीच पाहिली. दर्शन झालं, खरंय. पण दिंडीत नुसतं बघणारा कुणी नसतो. कुणी वीणा धरतो, कुणी टाळ, कुणी पाण्याचं बघतो. वाटेवरची गावं पंगती वाढतात. हाताला काम असतं, म्हणून माणूस त्यातला होतो. लाइव्हमध्ये ते काम गेलं आणि आपण प्रेक्षक झालो. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता, ते तर तेवढेही उरले नाहीत.

लिंक पाठवली की माणसं जोडली जातात, हा हिशोब कच्चा आहे. मंदिर असो, चर्च असो की तुमचं कॉलेजचं मंडळ, पुन्हा दारं बंद करायची वेळ आली तर आधी कामं वाटा. एकट्या आजी-आजोबांना रोज फोन कोण करणार? औषधं कोण पोचवणार? ही यादी आजच करून ठेवायला काय हरकत आहे?