विश्लेषण : झोपेत दात खाण्याची सवय मोजायची कशी?

मूल झोपेत दात खाऊ लागले, की घरात निदान ठरलेले : पोटात जंत झाले! मोठ्यांना आता मोबाइल ॲप रात्रीचा हिशेब देते. यातले खरे किती?

दात खाणे हा आजार आहे का?

वैद्यकीय भाषेत याला ‘ब्रुक्सिझम’ म्हणतात. निरोगी व्यक्तीत हा आजार नव्हे, तर जबड्याच्या स्नायूंची एक क्रिया आहे, असे २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने स्पष्ट केले. दात न खाणाऱ्या सुमारे ६० टक्के लोकांतही हे स्नायू झोपेत लयीत आखडताना आढळले आहेत. जंतांमुळेच दात खाल्ले जातात, याला ठोस पुरावा नाही.

नेमके काय मोजतात?

खात्रीची चाचणी म्हणजे पॉलिसोम्नोग्राफी. यात गालावर इलेक्ट्रोड लावून चावण्याच्या स्नायूचे विद्युत संकेत रात्रभर नोंदवतात. मेंदूच्या लहरी, श्वास आणि हृदयाचे ठोकेही टिपले जातात. गिळणे, खोकणे, बोलणे यांतही जबडा हलतो, म्हणून सोबत आवाज आणि चित्रीकरण लागते. तासाला चारहून अधिक वेळा स्नायू लयीत आखडले, तर प्रमाण जास्त मानतात.

ॲप कुठे चुकते?

ॲप फक्त आवाज ऐकते. दात नुसते आवळले तर आवाज होत नाही; उलट शेजारच्याचे घोरणेही मोजले जाऊ शकते.

घरच्या घरी चाचणी शक्य आहे?

मुरूड तालुक्यातील आगरदांड्याहून अलिबाग पन्नास किलोमीटरपेक्षा लांब, मुंबई त्याहून पुढे. झोपेच्या प्रयोगशाळा प्रामुख्याने मोठ्या शहरांत. त्यामुळे घरी वापरायची साधने अशा गावांसाठी मोलाची ठरतील. गालावर लावायची छोटी यंत्रे आहेत. हनुवटीवर चिकटवायच्या ‘सनराइज’ या बेल्जियन सेन्सरला २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मात्र ती झोपेत श्वास अडखळण्याच्या, म्हणजे स्लीप ॲप्नियाच्या निदानासाठी आहे.

मग करायचे काय?

सकाळी जबडा दुखत असेल किंवा दात झिजत असतील, तर आधी दंतवैद्याकडे जावे. नाइट गार्डमुळे दातांची झीज वाचते, सवय जात नाही. नैराश्यावरील काही औषधे, मद्य, तंबाखू आणि जास्त चहा-कॉफी यांच्याशीही दात खाण्याचा संबंध आढळतो. औषध मात्र स्वतःहून बंद करू नये. जोरात घोरणे, श्वास अडखळणे आणि दिवसा झापड येणे ही लक्षणे सोबत असतील, तर झोपेची चाचणी टाळू नये. कारण तिथे प्रश्न दातांचा नसून श्वासाचा असू शकतो.